अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेले मोठे सेंट आणि अर्धे सेंट म्हणजे अर्ली अमेरिकन कॉपर्स. बरेच संग्राहक त्याआधीची राज्यांची नाणीपण यातच धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण सुरुवात तिथली आहे. स्वातंत्र्य मिळालं तरी देशाची स्वतःची टांकसाळ नव्हती, बाजारात ब्रिटिश हाफपेनी आणि त्यांच्या नकला चालायच्या, मग १७८५ पासून व्हरमाँट, कनेक्टिकट, न्यू जर्सी यांनी खाजगी लोकांना परवाने देऊन नाणी पाडून घेतली. न्यू जर्सीच्या नाण्यावर घोड्याचं डोकं आणि नांगर, आणि 'ई प्लुरिबस उनम' म्हणजे अनेकांतून एक, हे वाक्य अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदा इथेच आलं.

सरकारी टांकसाळीतला पहिला चलनी सेंट मार्च १७९३ चा. मागे १५ कड्यांची साखळी, १५ राज्यांसाठी, पण लोक म्हणाले स्वातंत्र्याच्या नाण्यावर बेड्या कशाला, म्हणून ३६,१०३ नाण्यांनंतर साखळी जाऊन पानांचा हार आला. साखळीच्या सेंटच्या सगळ्यात पहिल्या ठशावर तर अमेरिका हे नावसुद्धा पूर्ण नाही, 'अमेरि' आणि टिंब!

खरी मजा या ठशांमध्येच आहे. ठसे हाताने कोरायचे, अक्षरं आणि आकडे एकेक करून ठोकायचे, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन ठशांत केसांची बट वेगळी, पानं वेगळी, आकड्यांमधलं अंतर वेगळं, आणि ठशाला तडा गेला की तोही नाण्यावर उमटतो. लोक भिंग घेऊन तासन्‌तास हेच बघत बसतात. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १८१४ पर्यंतच्या सेंटच्या या प्रकारांना नंबर दिले, 'अमेरि'वाला एस-१ (एस म्हणजे शेल्डन), आणि नाण्याची अवस्था ठरवायला १ ते ७० ची जी मोजपट्टी त्यांनी या सेंटसाठी काढली ती आज जगभर सगळ्याच नाण्यांना लावतात.

१८१५ सालचा सेंट मात्र नाहीच. कोऱ्या तांब्याच्या चकत्या इंग्लंडहून यायच्या आणि अमेरिका आणि ब्रिटनच्या १८१२ च्या युद्धात त्या बंद झाल्या.

आणि कुणाला असं नाणं मिळालंच तर देवाच्या तांब्यासारखं चिंच लावून घासू नका प्लीज, दोनशे वर्षांत चढलेला तो तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही आणि किंमतही पडते.