तेलकट चेहरा सारखा धुतला की पिंपल्स जातात? नाही हो!

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधनं घरी आलं की चेहरा धुवा, जेवायच्या आधी परत धुवा, झोपताना लिंबू चोळा आणि मॉइश्चरायझर तर अजिबात नको, आधीच तेल काय कमी आहे का, असं सांगणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असतेच. पण पिंपल मुळात धुळीने येत नाही. तेल बनतं त्वचेच्या आतल्या ग्रंथींमध्ये, हॉर्मोन्समुळे, आणि छिद्रात मृत पेशी अडकल्या की आत बॅक्टेरिया वाढतात, सूज येते. वरून कितीही घासा, आत काही फरक नाही. दिवसातून 2 वेळा साधा फेसवॉश, खूप घाम आला तर अजून एकदा, बास.

लिंबाचं तर नावच काढू नका, त्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) 2 च्या आसपास, त्वचेचा साधारण 5, आणि रस लावून उन्हात गेलात तर चक्क फोड नि काळे डाग येऊ शकतात.

मॉइश्चरायझर लागतंच, कारण पिंपल्सवर लावायच्या औषधांनी, म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड (2.5 टक्केवालं पुरतं, टॉवेलचा रंग उडतो तेवढं सांभाळा) किंवा अडापलीनने, त्वचा कोरडी पडते, जळजळ होते आणि लोक चौथ्या दिवशी औषधच सोडतात. मॉइश्चरायझर हलकं, जेलसारखं घ्या. अडापलीन रात्री, वाटाण्याएवढं, प्रेग्नन्सीत नाही, आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. सकाळी सनस्क्रीन, तोंडाला स्कार्फ गुंडाळला तरी. तो स्कार्फ पण धूत जा, घामट कापड घासून पिंपल्स वाढतात.