मुरघास युनिटचं अनुदान: अर्ज नेमका कुठे अडतो

राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा), वाळल्या वैरणीच्या गाठी किंवा टीएमआर (चारा आणि खुराक एकत्र मिसळलेलं पशुखाद्य) बनवण्याच्या युनिटला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 50 लाख रुपये अनुदान आहे. लोकांच्या डोक्यात फक्त ‘50 लाख’ बसतात. प्रकल्प 30 लाखांचा असेल तर 15 लाखांच्या वर काही मिळत नाही. जमीनखरेदी, खेळतं भांडवल, स्वतःची गाडी हे खर्च त्यात धरतच नाहीत. शिवाय पैसा आधी हातात येत नाही. दोन हप्ते असतात, आणि दुसरा तर युनिट उभं राहून पाहणी झाल्यावरच.

दारच्या दोन-चार गाईंपुरता मुरघास हवा असेल तर या वाटेला जाऊच नका. चिकातल्या, म्हणजे दाणा दुधाळ असलेल्या मक्याची कुट्टी जाड पिशवीत दाबून भरा, हवा राहू देऊ नका, 45 दिवस तोंड सोडू नका. त्याला कुणाचा शिक्का लागत नाही.

अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर, ऑनलाइनच. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था, कुणीही करू शकतं. आधार, पॅन, फोटो, रद्द केलेला चेक, 6 महिन्यांचं बँक स्टेटमेंट हे सगळ्यांकडे असतं.

नसतो तो प्रशिक्षणाचा किंवा अनुभवाचा दाखला. वीस वर्षं गोठा सांभाळलेल्या माणसाला ‘अनुभवाचा पुरावा द्या’ म्हणणं चीड आणणारंच आहे, पण कागदाशिवाय फाईल हलत नाही. आधी प्रशिक्षण उरका, मग अर्ज भरा. नाहीतर प्रशिक्षित तज्ज्ञ नेमून त्याचे कागद जोडा.

जमिनीचंही तसंच. अर्ज सुनेच्या नावाने आणि सातबारा सासऱ्यांचा, अशी फाईल परत येणारच. घरातलीच जमीन असली तरी भाडेकरार करून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ प्रकल्प अहवालात. मुरघासाच्या एका अहवालात मधेच कोंबड्यांच्या लसीकरणाचा खर्च मी स्वतः पाहिलाय. दुसऱ्याचा अहवाल उचलून फक्त नाव बदललेलं. वर्षाला 1,000 टन मुरघास लिहिलात, तर हेक्टरी 40-50 टन हिरवा मका धरून 20-25 हेक्टर लागतील. तो कोण पिकवणार? जोडलेल्या शेतकऱ्यांची यादी त्यासाठीच मागतात.

आणि अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाका, भरून देणाऱ्या एजंटचा नको. त्रुटी निघाली तर ती त्याला कळते, तुम्हाला नाही.