फॅशन पत्रकारिता

फॅशन पत्रकारिता : फॅशन डिझायनर, त्यांचे नवे वस्त्रसंग्रह, त्यांच्या नेमणुका व राजीनामे आणि त्यांनी सुरू केलेले, विकलेले किंवा बंद केलेले व्यवसाय यांविषयीच्या बातम्या व त्यांवरील भाष्य यांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. तिच्यात दोन वेगळी कामे एकत्र नांदतात. पहिले काम वार्तांकनाचे आहे. कोणत्या डिझायनरने काय नवे केले, कोणाबरोबर करार केला, कोणत्या संस्थेची मालकी कोणाकडे गेली, हे त्यात सांगितले जाते. दुसरे काम समीक्षेचे असून तयार झालेल्या कपड्याचा काप, कापड, बांधणी आणि त्यामागचा विचार यांची पारख करणे हा त्याचा विषय असतो. व्यवहारात ही दोन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांच्याच निमंत्रणावर ती अवलंबून असते, आणि या पत्रकारितेच्या बहुतेक अडचणींचे मूळ या अवलंबनात आहे.

कपड्यांची बातमी डिझायनरच्या बातमीपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये १६७२ साली सुरू झालेल्या ‘मर्क्यूर गालाँ’ या नियतकालिकात चौदाव्या लुईच्या दरबारात काय नेसले-घातले जाते याची वर्णने येत असत. १७८५ मध्ये पॅरिसमध्ये निघालेले ‘काबिने दे मोद’ हे तर मुख्यतः वेशभूषेला वाहिलेले होते. मात्र या लेखनाचा नायक कपडा घालणारा असे. शिवणारा त्यात सहसा अनामिकच राही. राणी मारी आंत्वानेतची पोशाखकार रोझ बेर्तँ हिचे नाव सर्वतोमुखी झाले होते, पण तो अपवाद होता. ही परिस्थिती बदलली ती इंग्लंडमधून पॅरिसला आलेल्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांच्यामुळे. १८५८ मध्ये आपले दालन उघडल्यावर वर्थ यांनी गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे हा क्रम उलटवला. पोशाख कसा असावा हे ते स्वतः ठरवीत, चालत्याबोलत्या मॉडेलच्या अंगावर तो दाखवीत आणि चित्रकाराने चित्रावर सही करावी तसे आपल्या नावाचे लेबल आत शिवून देत. कपड्याला कर्ता मिळाला, आणि तेव्हापासून त्या कर्त्याविषयी बातमी लिहिणे शक्य झाले.

विसाव्या शतकात या लेखनाला व्यापारी पाया मिळाला. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली सुरू झालेले ‘विमेन्स वेअर डेली’ हे वस्त्रव्यवसायातील लोकांसाठीचे पत्र होते. पॅरिसमध्ये बाह्यांचा घेर वाढला की कमी झाला, हे मोठ्या दुकानांच्या खरेदीदारांना लवकर कळणे हा पैशाचा प्रश्न होता आणि ती गरज हे पत्र भागवी. १९६० नंतर जॉन फेअरचाइल्ड यांच्या हाती सूत्रे आल्यावर त्याच पत्राने डिझायनरांची व्यक्तिमत्त्वे, त्यांचे रागलोभ आणि त्यांच्या मेजवान्या यांनाही बातमीचे मोल दिले. डिझायनर हा प्रसिद्ध व्यक्ती म्हणून वाचकांसमोर येऊ लागला, त्यात या पत्राचा वाटा फार मोठा आहे.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेल्याने अमेरिकी पत्रकारांचा तिथल्या प्रदर्शनांशी संबंध तुटला. ही संधी साधून एलिनॉर लँबर्ट यांनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला आणि देशभरच्या वृत्तपत्रांतील लेखकांना अमेरिकी डिझायनरांचे काम एका आठवड्यात दाखवले. आजच्या फॅशन वीकची सुरुवात इथे मानली जाते. लँबर्ट या व्यवसायाने प्रसिद्धीतज्ज्ञ होत्या, हे इथे विसरून चालणार नाही. पत्रकारांना जमवणारी व्यक्ती डिझायनरांच्या बाजूची होती, आणि प्रसिद्धी व पत्रकारिता यांची ही गाठ पुढे कधीच पुरती सुटली नाही.

पत्रकाराचा एक शब्द काय करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण १२ फेब्रुवारी १९४७ रोजी घडले. क्रिस्तियान दिऑर यांनी त्या दिवशी पॅरिसमधील ३०, अव्हन्यू माँतेन या पत्त्यावर आपला पहिला संग्रह दाखवला. त्यातील ‘बार’ नावाच्या पोशाखात हस्तिदंती रंगाच्या शांटुंग या रेशमी कापडाचे जाकीट होते. कमरेशी ते घट्ट आवळलेले होते आणि खाली नितंबांवर भराव घालून फुलवलेले होते. त्याखाली काळ्या लोकरीचा, चुण्यांचा भरघोस घेर होता. दिऑर यांनी या संग्रहातील रेषेला पुष्पमुकुटाच्या अर्थाचे ‘कोरोल’ असे नाव दिले होते. ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या तोंडून मात्र ‘न्यू लुक’ हे शब्द गेले आणि इतिहासात तेच नाव टिकले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनेही भाष्य होत होते. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते, आणि एका झग्यासाठी इतके कापड वापरणे हा उधळेपणा आहे, अशी टीका तिथे सत्ताधाऱ्यांपासून सामान्यांपर्यंत अनेकांनी केली. फॅशनवरील भाष्याला त्या काळातील टंचाईचा, श्रमाचा आणि सत्तेचा संदर्भ असावा लागतो, हे या वादात प्रथमच इतक्या लख्खपणे दिसले.

डिझायनर आणि पत्रकार यांच्यातील तणावही याच काळात उघड झाला. प्रदर्शनात पाहिलेल्या पोशाखांची रेखाटने बाहेर जात आणि मूळ कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी नकला बाजारात येत. त्याला आळा घालण्यासाठी क्रिस्तोबाल बालेन्सियागा आणि ह्यूबेर द जिव्हाँशी यांनी १९५७ मध्ये पत्रकारांना संग्रह खरेदीदारांनंतर सुमारे महिनाभराने दाखवण्याचा निर्णय घेतला. पत्रकारांची त्यामुळे मोठी गैरसोय झाली, कारण उशिरा पाहिलेल्या संग्रहाची बातमी शिळी होते. पण डिझायनरलाही आपल्या कामाचे रक्षण करण्याचा हक्क आहे, ही त्यांची बाजू दुर्बळ नव्हती.

समीक्षेच्या इतिहासात चुकलेल्या निवाड्यांना मानाचे स्थान द्यायला हवे, कारण पारख कशी चुकते हे त्यांतून शिकता येते. गाब्रिएल शनेल यांनी १९५४ मध्ये पुनरागमन केले तेव्हा फ्रेंच वृत्तपत्रांनी त्यांचे कपडे जुनाट ठरवले. अमेरिकेत मात्र तेच कपडे उचलून धरले गेले. ईव्ह सँ लोराँ यांच्या जानेवारी १९७१ च्या संग्रहात चौकोनी खांदे, जाड तळाचे बूट आणि हिरव्या फरचा आखूड कोट होता. ही सगळी वेशभूषा जर्मन ताब्यातील पॅरिसची आठवण करून देणारी होती. ज्या पत्रकारांनी तो काळ स्वतः सोसला होता त्यांना ते असह्य झाले आणि अमेरिकी पत्रकार युजीनिया शेपर्ड यांनी तर संग्रहाला सरळ ओंगळ म्हटले. त्यांचा संताप खरा होता व त्याला कारणही होते. पण तो काळ न पाहिलेल्या तरुण पिढीला त्या कपड्यांत वेगळेच काही दिसले, आणि जुन्या दशकांतील वेशभूषा नव्याने वापरण्याची रीत त्यानंतर सर्वत्र रुळली.

१९९२ च्या अखेरीस मार्क जेकब्स यांनी ‘पेरी एलिस’ या संस्थेसाठी केलेला ‘ग्रंज’ संग्रह याहून बोलका आहे. रस्त्यावरच्या तरुणांचे ढगळ, चौकडीचे कपडे महागड्या मंचावर आणल्याबद्दल सूझी मेंकिस आणि कॅथी होरिन यांच्यासह अनेक समीक्षकांनी त्यावर कडाडून टीका केली. जेकब्स यांची नोकरी गेली. त्या संग्रहातील जे शर्ट दुरून जुनाट फ्लॅनेलचे वाटत होते ते प्रत्यक्षात रेशमाचे होते आणि त्यावर फ्लॅनेलसारखी चौकडी छापलेली होती. खुर्चीत बसून दिसते ते आणि बोटांना कळते ते यांतले अंतर या एका शर्टात सामावलेले आहे. होरिन यांनी पुढे आपले मत बदलले व ते लिहूनही मान्य केले, आणि ही गोष्ट त्यांच्या प्रतिष्ठेत भर घालणारी आहे. जेकब्स यांनी २०१८ मध्ये त्याच संग्रहातील पोशाख पुन्हा बनवून विक्रीस आणले.

म्हणूनच जाणते समीक्षक प्रदर्शनावर विसंबून राहत नाहीत. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस येथील स्त्रियांच्या तयार कपड्यांची मुख्य प्रदर्शने वर्षातून दोनदा, फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात आणि कपडे दुकानात त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी येतात. एक प्रदर्शन दहा-पंधरा मिनिटांत आटोपते व तेवढ्यात कित्येक पोशाख डोळ्यांसमोरून जातात. त्यामुळे नंतर शोरूममध्ये जाऊन तेच कपडे हँगरवर पाहण्याची पद्धत आहे. तिथे जाकीट उलटे करून अस्तर कसे बसवले आहे, मुंढा किती वर काढला आहे, टीप हाताची की यंत्राची, कापड उभ्या धाग्यावर कापले आहे की तिरके, हे तपासता येते. तिरके कापलेले कापड अंगावर ओघळते आणि तेच सरळ कापले तर ताठ उभे राहते. हा फरक छायाचित्रात पुष्कळदा हरवतो. कपड्याच्या जितके जवळ आणि यजमानापासून जितके दूर जाता येईल, तितके परीक्षण भरवशाचे होते.

यजमानापासून दूर राहणे हेच अवघड असते. फॅशनची नियतकालिके ज्या जाहिरातींवर चालतात त्या बहुतांशी त्याच संस्थांच्या असतात ज्यांच्या कपड्यांचे परीक्षण करायचे असते. चकचकीत मासिकांत कठोर परीक्षण क्वचितच आढळते आणि दैनिकांतच ते टिकून राहिले, याचे कारण दैनिकांचे उत्पन्न एका व्यवसायावर अवलंबून नसते. दैनिकांच्या समीक्षकांनाही किंमत मोजावी लागते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिणाऱ्या होरिन यांना २०१२ मध्ये सँ लोराँ संस्थेच्या प्रदर्शनाचे निमंत्रण मिळाले नाही. त्यांनी इंटरनेटवरील छायाचित्रे पाहून परीक्षण लिहिले आणि त्या संस्थेचे डिझायनर हेदी स्लिमान यांनी जाहीर पत्राने त्यांच्यावर हल्ला चढवला. या क्षेत्रातील समीक्षेला साहित्य किंवा नाट्यसमीक्षेच्या बरोबरीचा मान मिळायलाही वेळ लागला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या रॉबिन गिव्हन यांना २००६ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा फॅशनवरील लेखनाला तो सन्मान प्रथमच लाभला.

डिझायनरांच्या नव्या उपक्रमांची बातमी आता बहुधा भांडवलाची बातमी असते. अमेरिकी डिझायनर हॅल्स्टन यांनी १९७३ मध्ये आपला व्यवसाय नावासकट एका मोठ्या कंपनीला विकला. १९८३ मध्ये त्यांनी स्वस्त वस्तूंच्या दुकानांची साखळी असलेल्या जे. सी. पेनीसाठी कपडे आणले तेव्हा एका उच्चभ्रू दुकानाने त्यांचा माल ठेवणे बंद केले. पुढे व्यवसायावरील ताबा गेला आणि स्वतःच्या नावाने कपडे करण्याचा अधिकारही त्यांना उरला नाही. २००४ मध्ये शनेलचे डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी स्वस्त कपड्यांच्या दुकानांची साखळी असलेल्या एच अँड एमसाठी संग्रह केला, तेव्हा अशाच स्वरूपाच्या सहकार्याचे जोरदार स्वागत झाले. दोन घटनांमध्ये दोन दशकांचे अंतर आहे, आणि बाजार किती बदलला हे त्यावरून कळते. जर्मन डिझायनर यिल झांडर यांनी १९९९ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीला मोठा हिस्सा विकल्यावर काही महिन्यांतच आपल्याच नावाची संस्था सोडली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एलव्हीएमएच या फ्रेंच कंपनीसारख्या, चैनीच्या वस्तूंच्या समूहांकडे अनेक जुनी नावे एकवटल्यापासून मुख्य डिझायनरचे पद हे बदलीचे पद झाले आहे. २०२५ या एका वर्षात शनेलमध्ये मात्यू ब्लाझी, दिऑरमध्ये जोनाथन अँडरसन आणि गुचीमध्ये डेम्ना यांनी काम सुरू केले. अशा वेळी बातमीदाराला कापडाइतकाच ताळेबंदही वाचता यावा लागतो. २००७ मध्ये इम्रान आमेद यांनी सुरू केलेल्या ‘बिझनेस ऑफ फॅशन’ या संकेतस्थळाने ही गरज नेमकी ओळखली.

इंटरनेटने पत्रकारांची मध्यस्थी कमी केली. हेल्मुट लँग यांनी १९९८ मध्ये आपला संग्रह थेट इंटरनेटवर दाखवला. ऑक्टोबर २००९ मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या ‘प्लेटोज अटलांटिस’ या प्रदर्शनाचे थेट प्रक्षेपण झाले तेव्हा पाहणाऱ्यांच्या गर्दीने संकेतस्थळच कोलमडले. ज्यांना पूर्वी दारातून आत प्रवेश नव्हता अशा असंख्यांना इंटरनेटमुळे आपले मत मांडता आले, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. त्याबरोबर फुकट मिळालेल्या कपड्यांची स्तुती करणारे लेखनही वाढले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ मध्ये नियमावली सुधारून अशा लाभाचा उल्लेख करण्याची अपेक्षा ठेवली. मेंकिस यांनी २०१३ मध्ये प्रदर्शनाबाहेर स्वतःच मिरवणाऱ्या मंडळींवर टीका केली, तिच्यावर तरुण लेखक संतापले. परंतु भेटवस्तू घेऊन पारख करता येत नाही, हा मेंकिस यांचा मुद्दा खोडता येण्याजोगा नव्हता.

या पत्रकारितेने सर्वांत उशिरा पाहिलेला माणूस म्हणजे कपडे शिवणारा कामगार. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक वरच्या मजल्यांवरील कारखान्यांत परदेशी कंपन्यांचे कपडे शिवत होती. आपला माल तिथे होत नव्हता, असे सांगणाऱ्या कंपन्यांचा संबंध पुढे ढिगाऱ्यात सापडलेल्या कागदपत्रांवरून आणि कपड्यांच्या लेबलांवरून उघड झाला. कर्त्याचे नाव मिरवण्यासाठी वर्थ यांनी जे लेबल शिवायला सुरुवात केली होती, त्याच प्रकारच्या लेबलांचे फोटो बातमीदारांनी त्या ढिगाऱ्यात काढले.