ऑनलाइन सरकारी सेवा (सातारा–सांगली)

दाखले, उतारे, अनुदाने, नोंदी आणि तक्रारी यांची सरकारी कामे इंटरनेटवरून पार पाडण्याची व्यवस्था. पुस्तकी नाव ‘ई-प्रशासन’. सातारा-सांगलीच्या गावांत मात्र ‘सातबारा ऑनलाइन काढला’, ‘उत्पन्नाचा दाखला टाकलाय’ असेच बोलतात, आणि या बोलण्यात व्यवस्थेचे खरे मोजमापही आहे: तालुक्याचा हेलपाटा वाचला का?

वारणा खोऱ्याने हा प्रयोग फार लवकर पाहिला. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) आणि वारणानगरचा सहकारी समूह (तिथला साखर कारखाना आणि त्याच्या संस्था) यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सलग ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. गावोगावी केंद्रे उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना असे बरेच काही त्यावर मिळावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रे चालली ती मुख्यतः उसाच्या कामासाठी. उसाची नोंद कधीची, तोड कधी येणार, किती टन भरला, खत किती उचलले, ही माहिती शेतकऱ्याला रोज लागते. एरवी त्यासाठी चिटबॉयची, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, वाट पाहावी लागे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने हेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांनाही जास्त आवडले. कारखाना म्हणजे सरकार नव्हे, हे खरे. तरीही सरकारी सेवा आखणाऱ्यांनी हा अनुभव मन लावून अभ्यासावा असा आहे. माणसाला नड कशाची आहे ते आधी बघावे आणि त्याच्या हातात जे साधन आहे त्यावरच सेवा द्यावी, हे वारणेत दिसून आले.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर केली व गावपातळीवर सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) ही सरकारी सेवा देणारी केंद्रे आली. महाराष्ट्रात तहसील कचेरीतले ‘सेतू’ हे दाखल्यांचे केंद्र, मग ‘आपले सरकार’ पोर्टल आणि ग्रामपंचायतीतली आपले सरकार सेवा केंद्रे, अशी ही वाट आहे.

या सगळ्यात शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय सातबारा. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा हा उतारा सोसायटीच्या पीककर्जापासून खरेदीखतापर्यंत सगळीकडे लागतो. पूर्वी तो हाती लिहिलेला असे, आणि सज्जावर (तलाठ्याच्या कचेरीत) भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, भेटतील त्या दिवशी मिळे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. त्याचे शुल्क १५ रुपये ठरले. त्यावर शिक्का लागत नाही, तलाठ्याची शाईची सही लागत नाही.

पण छापून आलेला कागद जवळून बघावा. भोगवटादाराच्या नावात एक काना जास्त, आडनावाच्या जागी गावाचे नाव, क्षेत्राच्या रकान्यात ०.४० हेक्टरऐवजी ०.०४. चाळीस आर म्हणजे जवळपास एक एकर, आणि चार आर म्हणजे जेमतेम चार गुंठे. एवढ्या एका शून्यावर कर्ज अडते, भावाभावांत वाद पेटतो. हाताने लिहिलेली चूक त्या दप्तरात पडून असे; संगणकातली चूक एकाच वेळी बँकेत, विम्यात आणि अनुदानात जाऊन बसते. म्हणूनच २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवण्याची चावडी वाचनाची मोहीम झाली, ती मला या संपूर्ण कामातली सर्वांत शहाणपणाची पायरी वाटते. लेखनातली चूक आजही दुरुस्त करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ त्यासाठी आहे आणि अर्ज तहसीलदाराकडे जातो.

दुसरी अडचण बोटांची. आधारवर बेतलेल्या सेवांमध्ये अंगठा यंत्रावर टेकवावा लागतो. आयुष्यभर खुरपे आणि कोयता धरलेल्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. केंद्रातला पोरगा आजीचे बोट फडक्याने पुसतो, पाण्याने ओले करतो, डाव्या हाताचे लावून बघतो. यंत्र काही घेत नाही. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, मधे कोणी हात मारत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन खातरजमा, व्हावी लागते, आणि मोबाइलवर ओटीपी येण्यासाठी आधारला तोच नंबर जोडलेला असावा लागतो. घरातला मोबाइल मुलाकडे आणि मुलगा पुण्याला, ही परिस्थिती माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडे घरोघर आहे. अशा वेळी आजीसमोर बसलेला तो पोरगाच सरकार असतो. त्याने घाई केली तर ऑनलाइन सेवेचा तिला काहीच उपयोग नाही.

पिकाच्या नोंदीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने रानात उभे राहून मोबाइलमध्ये पीक, क्षेत्र आणि फोटो भरायचा. तलाठी बांधावर न येता घरबसल्या पिके लिहितो, ही जुनी तक्रार त्यामुळे मिटू शकते. कोयना खोऱ्यातल्या विखुरलेल्या वाड्यांना यातला रेंजचा भाग जड जातो.

काम वेळेत झाले नाही तर काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज विनाकारण फेटाळला, तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे पहिले व दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन केला की तारीख आपोआप नोंदली जाते, ‘तुमचा अर्जच आला नाही’ असे कोणाला म्हणता येत नाही. म्हणून पावतीवरचा अर्ज क्रमांक जपून ठेवावा.

फेरफाराची, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीची, गोष्ट याहून मोलाची. दस्त नोंदला की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून संगणकाने तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाते. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पूर्वी ही नोटीस चावडीच्या फळ्यावर लागे आणि गावात नसलेल्याला ती कळतच नसे. पाटण, जावळीची कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबली. गावाकडच्या जमिनीवर कोणती नोंद चढली हे त्यांना गणपतीला घरी आल्यावर समजे. आता ती नोटीस ‘आपली चावडी’ या ऑनलाइन फलकावर दिसते. मुंबईतल्या खोलीत बसून मोबाइलवर गाव निवडायचे, नोंद बघायची आणि पंधरा दिवसांच्या आत हरकत लिहून द्यायची.