इंदूर ते दुबई : नकाशावरचे अंतर आणि प्रवासाचे तास

१५ जुलै २०१९ रोजी इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झाले आणि एका वजाबाकीने अनेकांना चकवले. तिकिटावर छापलेल्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांमध्ये फरक जेमतेम पावणेदोन तासांचा. प्रवास मात्र सव्वातीन तासांच्या आसपास. मधले दीड तास निव्वळ घड्याळाचे.

हा हिशोब माळव्याला नवा नाही. भारतीय ज्योतिषाची, म्हणजे जुन्या खगोलगणिताची, मूळ रेखा (शून्य रेखांश) उज्जैनवरून जाते. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने (योजन हे अंतराचे जुने माप) दिला आहे. आकाशाचा एक फेरा, म्हणजे एक दिवस-रात्र, ६० घटिकांचा (घटिका म्हणजे २४ मिनिटे), तेव्हा एखादे गाव रेखेपासून किती योजने पूर्वेला वा पश्चिमेला आहे यावरून तिथल्या वेळेचा फरक निघे. गंमत म्हणजे बिजासन टेकडीजवळचा आपला इंदूरचा विमानतळ जवळजवळ याच रेखेवर आहे. दुबई तिथून सुमारे साडेवीस अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटे धरली, तर दुबईची मध्यान्ह इंदूरनंतर साधारण ८२ मिनिटांनी होते. सरकारी घड्याळे ९० मिनिटे सांगतात, कारण दोन्हीकडची प्रमाणवेळ वेगळ्याच रेखांशांवर बांधलेली आहे. आपली १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांवर.

बिजासनची जागा होळकर संस्थानाने १९३५ साली टाटा सन्सच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने निवडली. १९३७ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी टपाल व प्रवासी सेवा सुरू झाली. तेव्हाची विमाने लहान, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी. त्यामुळे दोन टोकांमधल्या सरळ अंतराला फारसा अर्थ नव्हता. पुढचा थांबा किती दूर, एवढेच महत्त्वाचे.

आज इंदूर–दुबई अंतर सुमारे २,१०० किलोमीटर दाखवले जाते. पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला तर येईल तेवढे हे अंतर. हा दोरा कच्छच्या रणावरून निघून सिंधूच्या मुखाशी, कराचीच्या थोडा दक्षिणेने जातो. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने बंद केलेले आकाश पुन्हा खुले झाले १६ जुलैला, म्हणजे आपले दुबई विमान सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी परत बंद झाले. इंदूरकरांना त्याची झळ थोडीच. जरा दक्षिणेला सरकून समुद्रावरून जायचे. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघणाऱ्यांचा वळसा खरा लांबतो.

आणि वारा? तो तर अंतराला जुमानतच नाही. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून एकाच मार्गावर जाण्या-येण्याचे तास सारखे नसतात. मुला-नातवंडांकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या इथल्या आजी-आजोबांनी एक उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, पण पाठीशी वारा असल्याने ते साडेचौदा तासांत पोहोचले, आधीपेक्षा लवकर.