हरळीचं बी टाकलंय? मग पुढचे पंधरा दिवस वाफ्याजवळच रहा

नाशिकला आमच्या घरापुढे पाचेकशे स्क्वेअर फूट जागा आहे, तिथे मी नर्सरीतनं कार्पेट लॉन न आणता बियाण्यापासून हरळीचं लॉन केलं. हरळी म्हणजे तीच, गणपतीला वाहतो ती दुर्वा. पहिल्यांदा डिसेंबरात बी टाकलं आणि ते सगळं वाया गेलं, दुसऱ्यांदा फेब्रुवारी संपताना टाकलं आणि ते उगवलं. माती तीच, शेणखत तेच, बियाणं पण त्याच पुड्यातलं, फरक होता तो मातीच्या तापमानाचा. हरळी ही ऊस, मका, ज्वारीच्या गोतातली, म्हणजे सी-4 पद्धतीने (उष्ण हवेत चांगल्या चालणाऱ्या) प्रकाशसंश्लेषण करणारी वनस्पती आहे आणि तिला ऊब लागते. माती साधारण 18-20 अंशांच्या खाली असली की बी नुसतं पडून राहतं, तोवर मुंग्या ते उचलून नेतात किंवा बुरशी लागते, आणि आमच्याकडे डिसेंबरात रात्री पारा 10 च्याही खाली जातो. न्यू जर्सीत राहणारे आपले लोक सप्टेंबरात बी टाकतात ते बरोबरच आहे, पण त्यांचं फेस्क्यू, राय हे थंडीतलं गवत असतं, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इकडे हरळी पेरायची वेळ ठरवू नका.

आता पाण्याचं, कारण बहुतेक लॉन इथेच मरतात. हरळीचं बी खसखशीहून जरासंच मोठं असतं, एका किलोत साधारण 40 लाख बिया बसतात. एवढ्याशा दाण्यात पिठाचा साठा तो किती असणार? म्हणून ते पाव इंचापेक्षा खोल गाडायचं नाही, खोल गेलं तर वर यायच्या आधीच शिदोरी संपते. आणि वरच असतं म्हणून वरचा अर्धा इंच थर हाच त्याचा सगळा संसार, मार्च महिन्यातल्या दुपारी तो थर दोन-तीन तासात वाळतो, खाली कितीही ओल असली तरी त्याचा त्या बीला काही उपयोग नाही.

मटकी भिजवून ठेवतो तेव्हा काय होतं ते आठवा. आधी दाणा फुगतो, हे नुसतं पाणी शोषणं आहे. या टप्प्यावर दाणा परत वाळवला तरी बहुतेक वेळा चालतं, शेतकरी पेरणीआधी बियाणं भिजवून सावलीत सुकवतात ते याच जोरावर. पण एकदा मूळ बाहेर डोकावलं, म्हणजे मोड आला, की परतीची वाट बंद. मोड आलेली मटकी उन्हात वाळवली तर ती पुन्हा उगवत नाही, हरळीचं पण तसंच.

फुगल्यावर आत जे चालतं ते मला फार सुंदर वाटतं. बीतला गर्भ जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही, घडांना 'जीए'चं डिपिंग करतात ना, तेच जिबरेलिक अ‍ॅसिड. 1926 साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताची रोपं उगाच उंच वाढून मरतात त्या रोगाचा माग काढताना दाखवलं की बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे असं होतं, त्यातून पुढे जिबरेलिन सापडलं. तर जिबरेलिनचा हा निरोप पिठाच्या साठ्याभोवतीच्या पातळ थराला पोचला की तो थर अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) बनवतो आणि पिठाची साखर व्हायला लागते. पोळी खूप वेळ चावली की गोड लागते, तिथेही अमायलेजच, आपल्या लाळेतलं. या साखरेवर कोंब वर येतो आणि पहिलं पान उजेड बघेपर्यंत रोपाकडे दुसरं काहीच नसतं.

म्हणून पहिले दोन आठवडे दिवसातनं तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी, बारीक भोकाच्या झारीने किंवा फॉगरने. पाइपाने धार सोडू नका, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि मग तिथे झुपका, बाकी टक्कल. शेवटचं पाणी चारच्या सुमारास, कारण रात्रभर ओलं राहिलं तर कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात, भाजीच्या रोपवाटिकेत ज्याला मर म्हणतात तेच. चिखल पण नको, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो पाहिजे, ओल पण आहे आणि मातीत हवा पण आहे. आमच्या काळ्या मातीवर वाळल्यावर पापडी धरते आणि कोंबाला ती फोडता येत नाही, म्हणून मी वरनं चाळलेलं गांडूळ खत अगदी पातळ पसरलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी भिंगाने बघितलं. साल फाटलेली, एक पांढरं मूळ खाली आणि त्यावर इतके बारीक केस की मातीचे कण त्यांना चिकटून बसलेले, वर टाचणीच्या टोकासारखा हिरवट कोंब. ते केस म्हणजे रोपाचं पाणी प्यायचं तोंड आहे, ते एकदा सुकले की गेले. त्या वाफ्यात पाय टाकू नका असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं ते हे बघितल्यावर.

मग तण येतं आणि सगळे म्हणतात बियाण्यात भेसळ होती. असते कधी कधी, पण बहुतेक तण तुमच्याच मातीतनं येतं. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील यांनी 1879 साली तणांच्या बिया बाटल्यांत भरून पुरून ठेवल्या, 2021 मध्ये त्यातली एक बाटली काढली तेव्हा 142 वर्षांनी त्यातल्या काही उगवल्या! जमीन खणली की अशा झोपलेल्या बियांना क्षणभर ऊन दिसतं आणि बऱ्याच जणींना तेवढंच पुरतं, त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं ते लाल उजेड ओळखतं. म्हणून जमीन तयार केल्यावर लगेच बी टाकायची घाई नको. आधी नुसतं पाणी देऊन तण उगवू द्या, दोन आठवड्यांनी ते वरच्यावर खुरपून काढा, खोल खणू नका, मग पेरा. तणनाशक तर नव्या लॉनवर तीन-चार कटिंग होईपर्यंत अजिबात नको. लव्हाळा मात्र खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो, नुसता उपटला तर गाठ खालीच राहते आणि आठवड्यात परत हजर.

रोपं दोन इंच झाली की पाण्याची पद्धत उलटी करायची, आता कमी वेळा पण खोलवर, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातात. रोज वरच्यावर शिंपडत राहिलात तर ती वरच बसतात आणि एप्रिलचं ऊन त्यांना झेपत नाही. युरियाची घाई करू नका, तीन-चार आठवडे झाले की अगदी थोडा, आणि लगेच पाणी. जास्त पडला तर मिठासारखा मुळांतलं पाणी ओढून घेतो.

पहिली कटिंग मी तिसाव्या दिवशी केली, ब्लेडला धार लावून, माती वरनं कोरडी असताना, नाहीतर कोवळी रोपं मुळासकट उपटून येतात. पानाचा एक तृतीयांशच भाग कापायचा. गवताचा वाढीचा बिंदू बुडाशी असतो म्हणून टोक कापलं तरी पान खालून वाढत राहतं. आणि गंमत म्हणजे इथेही ते फायटोक्रोम आहेच. दाट पानांच्या खाली लाल उजेड पोचत नाही, मग रोप उंच आणि किडकिडीत होतं, कापलं की उजेड बुडाशी पोचतो आणि फुटवे सुटतात. आमच्या लॉनवर कटिंगनंतर आठवड्याभरात आडव्या धावत्या काड्या दिसायला लागल्या, प्रत्येक पेराला खाली मूळ, वर पान. आंब्याखाली मात्र दोन्ही वेळा काही आलं नाही, हरळीला सहा-सात तास तरी ऊन लागतं, तिथे आता शहाबादी फरशी टाकतोय.