कन्सोलचं वर्ष: खपाचं वेगळं, गेम्सचं वेगळं

एखाद्या कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम्स खेळायच्या यंत्राचं, वर्ष चांगलं गेलं असं म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच दमात बोलून जातो. ते कन्सोल त्या वर्षी किती खपलं, ही एक. ज्याच्या घरी ते होतं त्याला त्या वर्षी काय खेळायला मिळालं, ही दुसरी. गणपतीत चाकरमानी गावी येतात, कोणीतरी सॅकमधून प्लेस्टेशन काढतं, आरती-जेवणं आटोपल्यावर टीव्हीसमोर भावंडं बसतात आणि धाकट्यांपैकी कोणीतरी विचारतं, "दादा, औंदा कोण जिकलो?" मग एकजण विक्रीचे आकडे सांगतो, दुसरा गेम्सची नावं घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत वाद चालतो. दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांचे प्रश्न वेगळे असतात. खपाचं वर्ष आणि गेम्सचं वर्ष एकाच कन्सोलच्या वाट्याला येतंच असं नाही. कित्येकदा तर ती दोन वेगवेगळ्या कन्सोलच्या वाट्याला जातात.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते २०१४ सालात. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांचं हे बाजारातलं पहिलं पूर्ण वर्ष. भारतात तर दोन्ही याच वर्षी आली, प्लेस्टेशन ४ जानेवारीत आणि एक्सबॉक्स वन सप्टेंबरात. निन्टेन्डोचं वी यू त्याआधीच, २०१२च्या नोव्हेंबरात, परदेशात निघालं होतं.

खपात कोण पुढे होतं याबद्दल वाद नाही. प्लेस्टेशन काढणाऱ्या सोनीने जाहीर केलेले आकडे असे: २८ डिसेंबर २०१३पर्यंत ४२ लाख प्लेस्टेशन ४ गिऱ्हाइकांच्या घरी पोचले होते आणि ४ जानेवारी २०१५पर्यंत १ कोटी ८५ लाख. म्हणजे एका वर्षात १ कोटी ४० लाखांहून जास्त. त्याच काळात वी यूचा एकूण आकडा ५८.६ लाखांवरून ९२ लाखांवर गेला, म्हणजे वर्षभरात तेहतीस-चौतीस लाख. प्लेस्टेशनच्या चौथ्या हिश्श्याएवढेही नाहीत.

आता त्याच वर्षातल्या गेम्स बघा. प्लेस्टेशन ४ वरच मिळणाऱ्या मोठ्या गेम्समध्ये मार्चमध्ये 'इन्फेमस: सेकंड सन' आली, बरी होती. जुलैत 'द लास्ट ऑफ अस' आली, पण ती आधीच्या वर्षी प्लेस्टेशन ३ वर येऊन गेलेली, नव्याने चकाकवलेली. ऑक्टोबरात गाड्यांच्या शर्यतीची 'ड्राइव्हक्लब' आली आणि तिचे सर्व्हर पहिल्याच दिवसापासून कोलमडले. एकमेकांना आव्हान देत खेळायचं यावरच ती उभी होती, त्यामुळे कितीतरी आठवडे ती धड खेळता आली नाही. एक्सबॉक्सकडे 'टायटनफॉल', 'फोर्झा होरायझन २' आणि 'सनसेट ओव्हरड्राइव्ह' अशी भरीव यादी होती, पण वर्षातली सगळ्यात मोठी भेट म्हणून आलेला 'हेलो'च्या चार गेम्सचा संच ऑनलाइन जोडीदारच शोधून देईना.

वी यूवर काय होतं? फेब्रुवारीत 'डाँकी काँग कंट्री: ट्रॉपिकल फ्रीझ'. मेच्या अखेरीस 'मारिओ कार्ट ८'. मग 'बेयोनेटा २', जी निन्टेन्डोने पैसा घातला नसता तर निघालीच नसती. नोव्हेंबरात 'सुपर स्मॅश ब्रदर्स', ज्यात एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर आठजण एकदम खेळू शकतात. एकापेक्षा एक, आणि सगळ्या पहिल्या दिवसापासून नीट चालणाऱ्या. माझं मत स्पष्ट आहे: कन्सोलवाल्या कंपनीच्या स्वतःच्या गेम्सच्या बाबतीत २०१४ साल वी यूचं होतं, आणि ते थोडक्यात नव्हे, चांगलंच फरकाने होतं. भावंडांनी भरलेल्या घरासाठी 'मारिओ कार्ट ८' आणि 'स्मॅश'सारखी जोडी दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. आमच्या बाजारपेठेत मात्र वी यू कधी दुकानात दिसलंच नाही.

तरी याला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. त्या वर्षीची 'फिफा १५' वी यूवर आली नाही. 'डेस्टिनी' आली नाही. नोव्हेंबरात 'जीटीए ५' नव्या कन्सोलवर आली ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातली सर्वोत्तम ठरलेली 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'ही वी यूच्या वाट्याला नव्हती. ज्याच्याकडे तीन कन्सोल आहेत तो म्हणेल, फरक काय पडतो, ती मी दुसऱ्यावर खेळेन. पण आपल्याकडे घरात एकच कन्सोल असतं, तेही दोन-तीन भावांनी मिळून घेतलेलं. त्या घराने गेम्सचं वर्ष मोजताना फक्त कंपनीच्या स्वतःच्या गेम्स मोजून भागत नाही. न आलेल्या गेम्सही मोजाव्या लागतात. एवढं सगळं धरूनही मी त्या वर्षीचा पहिला नंबर वी यूलाच देईन, पण त्या साली मला कोणी "एकच घ्यायचंय, काय घेऊ?" असं विचारलं असतं तर प्लेस्टेशन ४ घे असं सांगितलं असतं.

कारण खपाचा आकडा त्या वर्षाबद्दल फार थोडं सांगतो. तो पुढच्या वर्षांबद्दल सांगतो. बाहेरच्या कंपन्या गेम करायला घेतात ती दोन-तीन, कधी पाच वर्षं आधी, आणि कोणत्या कन्सोलसाठी करायची हे ठरवताना किती घरांत ते आहे हे बघतात. २०१४मध्ये प्लेस्टेशन ४ खपलं त्याचं फळ खेळणाऱ्यांना नंतर मिळालं: २०१५मध्ये 'ब्लडबोर्न', २०१६मध्ये 'अनचार्टेड ४', २०१७मध्ये 'होरायझन झीरो डॉन', २०१८मध्ये 'गॉड ऑफ वॉर' आणि 'स्पायडर-मॅन'. वी यूला २०१५मध्ये 'स्प्लॅटून' आणि 'सुपर मारिओ मेकर' मिळाल्या आणि मग ओघ आटला. २०१७च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. एकूण खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. प्लेस्टेशन ४ गेलं ११ कोटी ७० लाखांपुढे.

खप वेगळा आणि गेम वेगळी, याचा आणखी ठोस पुरावा 'मारिओ कार्ट ८' देते. वी यूवर तिच्या ८४ लाखांहून जास्त प्रती खपल्या, म्हणजे जवळजवळ दर तीन वी यूमागे दोन. तीच गेम थोडी भर घालून एप्रिल २०१७मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर, आली आणि ६ कोटींच्या पुढे गेली. रस्ते तेच, गाड्या त्याच. गेम उत्तम होती म्हणून वी यू वाचलं नाही, आणि वी यू बुडालं म्हणून गेम वाईट ठरली नाही.

२००० सालीही असंच झालं होतं. सेगाच्या ड्रीमकास्टवर त्या वर्षी 'क्रेझी टॅक्सी', 'जेट सेट रेडिओ', 'स्काइज ऑफ आर्केडिया' आणि डिसेंबरात 'फँटसी स्टार ऑनलाइन' आली. प्लेस्टेशन २ मार्चमध्ये जपानात निघालं तेव्हा त्यावर खेळण्यासारखं फारसं नव्हतं. बऱ्याच घरांनी ते घेतलं ते त्यात डीव्हीडी चालते म्हणून. ३१ जानेवारी २००१ला सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच २००१मध्ये प्लेस्टेशन २ वर 'ग्रॅन टुरिस्मो ३', 'फायनल फँटसी टेन', 'जीटीए ३' आणि 'मेटल गिअर सॉलिड २' आल्या.

आज खप तर उद्या गेम्स, हा नियम प्रत्येक वेळी लागू पडतो असंही नाही. निन्टेन्डोचं वी यूच्या आधीचं कन्सोल, नुसतं 'वी', १० कोटींहून जास्त खपलं, पण त्याची ताकद कमी असल्याने बाहेरच्यांच्या मोठ्या गेम्स त्यावर येत नव्हत्या आणि शेवटची एक-दोन वर्षं फार कोरडी गेली.

आता खुद्द खपाच्या आकड्याकडे वळू, कारण तो दिसतो तितका साधा नसतो. वर दिलेला प्लेस्टेशनचा २०१४चा आकडा गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या कन्सोलचा आहे, तर निन्टेन्डोचा आकडा कंपनीने व्यापाऱ्यांकडे रवाना केलेल्या मालाचा. या दोहोंत फरक असतो आणि दिवाळी-नाताळच्या आधी दुकानं माल भरून ठेवतात तेव्हा तो वाढतो. दुसरं म्हणजे हिशेबाचं साल. सोनी आणि निन्टेन्डो एप्रिल ते मार्च धरतात, एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट जुलै ते जून. "गेल्या वर्षी" म्हणून कोणी आकडा फेकला तर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, एवढं विचारलं तरी निम्मे वाद मिटतात.

तिसरी अडचण टंचाईची. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२०मध्ये परदेशात आणि २ फेब्रुवारी २०२१ला भारतात आलं. चिप्सच्या तुटवड्यामुळे पुढची जवळपास दोन वर्षं ते मिळतच नव्हतं. बुकिंग उघडलं की काही मिनिटांत संपायचं, आणि इथे खेड्यातल्या मोबाइल नेटवर्कवर ते पान उघडेपर्यंत खेळ खलास. त्या वर्षांचे विक्रीचे आकडे लोकांना किती हवं होतं ते सांगत नाहीत. कारखान्यातून किती निघाले तेवढंच सांगतात. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात सोनीने २ कोटी ८ लाख प्लेस्टेशन ५ विकले, त्यात आधीच्या दोन वर्षांची थांबलेली गिऱ्हाइकंही होती.

एक्सबॉक्सचं तर विचारूच नका. मायक्रोसॉफ्टने २०१५पासून किती कन्सोल विकले ते सांगणंच बंद केलं. तेव्हापासून एक्सबॉक्सचे जे आकडे फिरतात ते बाहेरच्यांचे अंदाज.

गेम्सच्या वर्षालाही माप लावणं सोपं नाही, पण तिथे निदान आपलं आपल्याला ठरवता येतं, आणि ते आपल्या गावाच्या हिशेबाने ठरवावं असं मला मनापासून वाटतं. वर्षातली सर्वोत्तम गेम शंभर-सव्वाशे जीबीची असेल आणि फक्त डाउनलोडवर मिळत असेल, तर वाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या मुलासाठी ती त्या वर्षात आलीच नाही. पावसाळ्यात लाईट गेली की नुसती ऑनलाइन चालणारी गेम अर्ध्यात तुटते. इन्व्हर्टर असला तरी टॉवर बंद पडलेला असतो. म्हणून मी यादी करताना तीन गोष्टी बघतो: डिस्क मिळते का, नेटशिवाय चालते का, आणि एका टीव्हीवर दोन-चारजण खेळू शकतात का. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायची सोयच नाही. ते स्वस्त आहे आणि फायबर पोचलेल्या घरात चांगलं आहे, पण जिथे फायबर नाही तिथे घेण्याआधी दहादा विचार करा.

आणि इथेच खपाचं वर्ष मागच्या दाराने आपल्या कामाला येतं. जे कन्सोल जास्त खपतं त्याच्या सेकंडहँड डिस्क मुंबई-कोल्हापुरात सहज मिळतात. मावसभावाकडे तेच कन्सोल असतं, मग दोघांनी मिळून एक डिस्क घ्यायची आणि अदलाबदल करायची. खाऱ्या, दमट हवेने आतले भाग गंजले तर दुरुस्त करणाराही त्याच कन्सोलचा भेटतो. अशा वेळी जगात किती खपलं यापेक्षा आपल्या नात्यागोत्यात आणि तालुक्यात किती जणांकडे आहे हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

दोन्ही वर्षं एकत्र आली असा प्रसंग विचाराल तर मी २०१७च्या स्विचचं नाव घेईन. ३ मार्चला कन्सोल निघालं त्याच दिवशी 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड', एप्रिलमध्ये 'मारिओ कार्ट', जुलैत 'स्प्लॅटून २', ऑक्टोबरात 'सुपर मारिओ ओडिसी', आणि खपही तसाच. ती 'झेल्डा' वी यूवरही त्याच दिवशी आली होती, वी यूसाठीच ती सुरू झाली होती. एका कन्सोलसाठी घेतलेले कष्ट दुसऱ्याच्या वर्षाला लागले.

अशी सरमिसळ आता वाढत चाललीय. 'फोर्झा होरायझन ५' नोव्हेंबर २०२१मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आली, तेव्हा ती एक्सबॉक्सच्या वर्षाची शान होती. २९ एप्रिल २०२५ला तीच प्लेस्टेशन ५ वर आली. ती कोणाच्या वर्षात धरायची यावर आमच्यात खडाजंगी होते. मी दोन्हीकडे धरतो. कणकवलीत प्लेस्टेशन घेऊन बसलेल्या पोराला ती २०२५मध्येच हाताला लागली, आणि त्याच्यासाठी ती नवीनच आहे. तिच्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत किती भर पडली हा हिशेब कंपनीच्या भागधारकांनी करावा. त्या पोराच्या यादीत २०२५च्या रकान्यात, प्लेस्टेशनच्या नावापुढे, ती लिहिलेली असली पाहिजे.